गिटारीसाठी भरडलेलं धान

मी भर उन्हाळ्यात पंखा बंद केला, खिडक्या लावल्या आणि गाद्या भिंतीला उभ्या केल्या, की आमच्या गल्लीला कळायचं, आज भाऊंच्या घरी कोणीतरी वाजवायला आलं आहे. नव्या भाडेकरूंना मात्र वाटायचं, घरात कोणाला गोवर निघाला आहे. एका शेजारीणबाईंनी तर एकदा कडुलिंबाचा डहाळा आणून दिला. मी तो ठेवून घेतला. समजावून सांगण्यापेक्षा ते सोपं होतं.

माझा पोटापाण्याचा धंदा माइक आणि भोंग्याचा. बालाघाटात लग्न असो, भागवत असो की कोणाची सभा, भोंगे झाडावर चढवायचे आणि खाली बसून हॅलो-हॅलो करायचं. या धंद्यात चूक झाली तर ती सगळ्या मैदानाला ऐकू येते आणि दुसऱ्या दिवशी सगळं मैदान ती विसरतं. पुढे खाणीवरच्या एका साहेबांची बदली झाली आणि त्यांची जर्मन बनावटीची टेपरेकॉर्डरची पेटी माझ्याकडे आली. तेव्हा कळलं की इथे चूक दोघाचौघांनाच ऐकू येते, पण ती कायमची राहते. माझी दुपारची झोप उडाली ती तेव्हापासून.

ज्यांनी तसली पेटी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. वर दोन चकत्या, म्हणजे स्पूल. एकावरची तपकिरी फीत दुसऱ्यावर गुंडाळली जायची आणि वाटेत तिच्यावर आवाज उमटायचा. पेटीच्या कपाळावर हिरव्या काचेचा एक डोळा होता. आवाज वाढला की तो मिटायचा, शांतता झाली की उघडायचा. चूक झाली तर काय? पुसून पुन्हा वाजवायचं, नाहीतर फीत कापायची. दोन्ही चकत्या हातांनी मागे-पुढे फिरवायच्या, पेटीतून म्हैस रेकल्यासारखा आवाज येतो, त्या रेकण्यात सूर जिथे सुरू होतो ती जागा हुडकायची, तिथे दाढीच्या पात्याने तिरका काप द्यायचा आणि दुसरा तुकडा चिकटपट्टीने जोडायचा. सरळ काप दिला तर सांध्यावर ‘टक’ वाजतं. हे मला कोणी शिकवलं नाही. एका कीर्तनकारबुवांच्या अभंगात सतरा ‘टक’ वाजले तेव्हा मीच शिकलो. बुवा मोठ्या मनाचे. त्यांना वाटलं, टाळकरी चुकला.

सगळ्यात अवघड गिटार. त्या काळात आमच्या गावात ती कुठून कुठून शिरली होती. सिनेमातून, मिशनच्या शाळेतून, खाणीवरच्या मद्रासी-गोवेकर साहेबांच्या बंगल्यांतून. तिच्यासोबत दुसरं काही वाजत नसेल तर ती फार हळू बोलते. माइक जवळ न्यावा तर तो वाजवणाऱ्याचा श्वास ऐकतो, नख ऐकतो, लाकडावर घासणारी शर्टाची बटणं ऐकतो. म्हणून मी गिऱ्हाइकाला शर्ट काढायला लावायचो. अंधाऱ्या खोलीत बनियनवर बसलेला, घामाने थबथबलेला माणूस डोळे मिटून विलायती धून वाजवतो आहे आणि मी त्याच्यासमोर श्वास रोखून बसलो आहे, हे दृश्य आमच्या सासऱ्यांनी एकदा दाराच्या फटीतून पाहिलं. त्यानंतर त्यांनी मुलीला एकांतात घेऊन बरंच विचारलं म्हणतात.

परसवाड्याचे एक गुरुजी आले तेव्हा सोबत घरचे सगळे आले. मी सांगितलं, कोणी बोलायचं नाही. कोणी बोललं नाही. पण तिसऱ्या मिनिटाला गुरुजींच्या वडलांच्या तोंडून ‘वा’ निघून गेलं. मुलाचं वाजवणं त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं होतं. मी तो ‘वा’ कापला, बाजूचा थोडा सूरही त्याच्याबरोबर निघाला, तो मी परत जोडला, पण उलटा. उलटा सूर कसा वाजतो सांगतो. आधी लांबून फुगत फुगत येतो आणि पूर्ण फुगला की एकदम नाहीसा होतो. मी घाबरून वाट पाहत बसलो. गुरुजींनी टेप ऐकली आणि गंभीर होऊन म्हणाले, ती जागा माझ्या हातून कशी निघाली हेच कळत नाही. मी म्हणालो, होतं असं कधीकधी.

कापलेले तुकडे मी खिडकीच्या गजांना लटकवून ठेवायचो. एकदा एका धुनीचा सुरुवातीचाच तुकडा सापडेना. सगळं घर उलथंपालथं केलं. शेवटी स्वयंपाकघरात गेलो तर बायको भाजी निवडत होती. म्हणाली, “काहो, सांबाराच्या जुडीले बांधाले सुतळी नव्हती, मंग हे पट्टी घेतली.” आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. मी ती जुडी सोडली, फीत पुसली आणि जोडली. त्या गिऱ्हाइकाची धून नंतर कधीही ऐकली तरी मला सुरुवातीला सांबाराचा वास येतो.

हे सगळं हसण्यावारी गेलं. मनोहरचं काम तसं नव्हतं.

मनोहर मेश्राम खाणीच्या दवाखान्यात कंपाउंडर होता, तात्पुरत्या जागेवर. एक गोवेकर ओव्हरसिअर गाव सोडताना त्याला आपली गिटार देऊन गेला. जाण्याआधी वर्षभर त्याने शिकवलंही होतं. पुढचं मनोहर आपलं आपण शिकला. त्याच्या आईची अर्धी जिंदगी चिखलात रोवणा, म्हणजे भाताची रोपं, लावण्यात गेली होती. रोवणा लावताना बाया ज्या चालीवर गातात ती चाल त्याने गिटारीवर बसवली होती. अंगठा खालच्या सुरावर चिखलातली पावलं टाकायचा आणि बोटं वर गाणं म्हणायची. एकटा माणूस वाजवतो आहे असं वाटायचंच नाही. पण हे मी भिंतीपलीकडून ऐकलेलं. कारण मनोहरचा आजार असा, की समोर माणूस आला की त्याची बोटं थिजायची. घरच्यांसमोरही तो वाजवायचा नाही. आई बाहेर ओट्यावर बसली तरच आत वाजवायचा.

त्या उन्हाळ्यात दवाखान्यातली तात्पुरती माणसं कमी करणार अशी बातमी पक्की झाली. त्याच सुमारास नागपूरच्या एका संगीतशाळेत गिटारीचा वर्ग निघणार असल्याचं त्याला कळलं. आधी एकट्याने वाजवलेल्या गिटारीची टेप पाठवायची, ती आवडली तर बोलावणं. टेप पोचण्याची तारीख महिनाभरावर. मनोहरच्या घरी आई आणि बाळंतपणाला आलेली बहीण, कमावणारा तो एकटा. तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, माणसांसमोर जमत नाही, पण यंत्रासमोर जमेल. मला हे ऐकून इतका धीर आला की मी त्याला चहा पाजला. तो माझा पहिला मूर्खपणा.

यंत्राला डोळा होता ना.

मनोहर बसला, मी खटका दाबला, हिरवा डोळा उघडला आणि मनोहरचा हात तारेवर चिकटला तो चिकटलाच. म्हणाला, “भाऊ, तो पाह्यते माह्याकडे.” मी डोळ्यावर बायकोच्या ब्लाउजचं कापड टाकलं. आता कापड आहे म्हणजे खाली डोळा आहे, हे त्याला दिसायला लागलं. मी पेटीचं तोंड फिरवलं, तिच्यावर पडदा टाकला, मी स्वतः पडद्यामागे बसलो, शेवटी पलंगाखाली बसलो. तेव्हा कुठे तो वाजवायला लागला, पण तुकड्यातुकड्याने. अर्धा मिनिट सुरेख, मग अडखळ. पुन्हा पाऊण मिनिट, मग घाम. अशा किती दुपारी गेल्या कोण जाणे. दवाखान्यातून सुटून तो उन्हातून सायकल मारत यायचा, बनियनवर बसायचा, थोडं वाजवायचा, आणि जाताना माझी माफी मागायचा. ती माफी मला त्याच्या अडखळण्यापेक्षा जड जायची.

मी त्याला सांगितलं, तू काळजी करू नको. पात्याला धार आहे. तुझे चांगले तुकडे मी असे जोडीन की ब्रह्मदेवाला सांधा दिसणार नाही. आणि जोडलेही. खरं सांगतो, इतकं सफाईचं काम मी आधी केलं नव्हतं. सूर उठतो त्याच्या केसभर आधी काप, आधीच्या सुराची शेपटी पूर्ण विरल्यावर सांधा. शेवटचा सांधा घातला, मनोहरला आणि बायकोला समोर बसवलं आणि पूर्ण धून पहिल्यांदा सलग लावली.

पहिल्याच सांध्यावर धून अर्धी पायरी खाली घसरली. पुढच्या सांध्यावर परत वर चढली. ऐकताना रोवणा लावणाऱ्या बायांपैकी निम्म्या बांधावर आणि निम्म्या खाली बांधीच्या चिखलात उभ्या राहून गात आहेत असं वाटायला लागलं.

मी म्हणालो, तुझ्या तारा उतरल्या असतील. तो म्हणाला, असतील. मी म्हणालो, रोज लावून घेत नव्हतास का? तो म्हणाला, घेत होतो, पण माझा कानच खराब असेल. हा माणूस भांडतही नव्हता, सगळं कबूल करत चालला होता, त्यामुळे मला जास्तच भ्या वाटायला लागलं. प्रत्येक तुकडा ज्या दिवशी घेतला त्या दिवशी तर बरोबर वाजला होता. मी टेप परत लावली. ती चालू असतानाच खोलीतला बल्ब पिवळा पडला आणि वाजती धून थकल्यासारखी खाली बसली.

दोन गल्ल्या सोडून पूरणलाल सेठची राइस मिल होती. ती सुरू झाली की आमच्या वस्तीतली वीज उतरायची. वीज उतरली की पेटीची मोटार मंद व्हायची. मंद चालत्या पेटीवर घेतलेला सूर पुढे चांगल्या विजेवर लावला की चढा वाजायचा. म्हणजे मिल चालू असलेल्या दुपारचे तुकडे चढे, बंद असलेल्या दुपारचे उतरलेले. मी दोन्ही एकात एक मिसळून ठेवले होते. बालाघाटच्या विजेने माझ्या हातून ती गिटार बिघडवली होती, आणि मी मनोहरच्या तारांना दोष देत होतो.

तुकडे मोजून वेगळे केले. नशीब एवढंच, की बहुतेक सगळे मिल चालू असतानाचे होते. मधला एक तुकडा तेवढा बंद मिलच्या वेळचा. तो मिल चालू असताना पुन्हा घेतला की झालं. नागपूरला सगळंच सारखं चढं वाजलं असतं, कोणाला कळलं नसतं.

पण हंगाम सरत आला होता आणि मिल त्या आठवड्यात बंद होती. तारीख तोंडावर आलेली. मी सेठकडे गेलो आणि एका गिटारीसाठी थोडा वेळ मिल सुरू करता का, असं विचारलं. सेठने मला बसवलं, पाणी दिलं आणि तब्येत विचारली. मग म्हणाला, “माइकवाले, मिल धान से चलती है, गाने से नहीं।” तरी भला माणूस. त्याच्याकडच्या दोन लग्नांत मी भोंगे लावले होते. त्याने रिकामी मिल चालवून दाखवली. मी पळत घरी आलो. बल्ब नुसता पापणी लवल्यासारखा हलला. रिकाम्या मिलला जोर लागत नाही, जोर नाही तर वीज उतरत नाही. धान पाहिजे होतं.

रामपायलीला माझा थोरला भाऊ शेती करायचा. घरचं धान कोठीत होतं, ते पावसाआधी भरडायचंच होतं. मी निरोप धाडला. तो बैलबंडीत पोती घालून उन्हातून आला आणि बंडीवर बसल्याबसल्याच त्याने सगळं ऐकून घेतलं. “गिटार धान खाते का बे?” एवढंच त्याने विचारलं. मी त्याला विजेचा सिद्धान्त समजावायला लागलो, तर त्याने बंडी मिलकडे वळवली. घरच्या वेड्याशी कोणी वाद घालत नाही.

आता ऐका, माझी तयारी कशी होती. अर्ध्या मिनिटाचा तुकडा घ्यायचा होता म्हणून मी पेटीवर नवा स्पूल लावलाच नाही. उरलेल्या फितीचा एक लहान स्पूल होता, तोच चढवला. काटकसर. मनोहर आला, शर्ट काढला. मी पलंगाखाली शिरलो. भावाने मिलमध्ये पोती उघडली, आणि बल्ब पिवळा पडला.

मी म्हणालो, मधला तुकडा, चल.

मनोहर म्हणाला, “भाऊ, हे तुमच्या घरचं धान आहे?”

मी म्हटलं, हौ, सरायच्या आत वाजव.

त्याने वाजवायला सुरुवात केली. मधून नाही, पहिल्यापासून. मी पलंगाखालून हात बाहेर काढून हलवला, पण त्याचे डोळे मिटलेले होते. पावलं पडायला लागली, गाणं वर आलं, जिथे तो रोज अडखळायचा ती जागा आली आणि गेली. दुसरी आली, तीही गेली. हिरव्या डोळ्याची आठवण त्याला राहिली नव्हती. त्याच्या मनात एकच, की दुसऱ्याच्या घरचं धान मिलमध्ये पडतं आहे आणि ते वाया जाता कामा नये. भीतीवर मी इतके उपाय केले, कापड, पडदा, पलंग. त्याला औषध निघालं ते दुसरी, मोठी भीती.

आणि माझ्या पेटीवरचा स्पूल बारीक होत चालला होता. नवा स्पूल कपाटात, हाताच्या अंतरावर. पण कपाटाचं दार करकरायचं, आणि बदलायचं तर पेटी थांबवावी लागणार. मी पलंगाखाली उपडा पडून त्या उरलेल्या फितीकडे पाहत होतो. तो वाजवतो आहे, ती सरते आहे. इकडे धान सरतं आहे, तिकडे फीत. मी देवाला सांगितलं, दोन्हीपैकी काहीतरी पुरव. फीत सरली की तिचं टोक सुटून फटफट आपटतं. तो आवाज झाला असता तर मनोहर जागच्या जागी थांबला असता. म्हणून मी सरपटत पुढे गेलो आणि टोक सुटताच चकती तळव्याने धरली. तळवा भाजला, आवाज झाला नाही.

मनोहरने शेवटचा ठोका मारला. सहाही तारांवर, अगदी हलका, जसं कोणी पाण्यातून पाय काढून बांधावर ठेवावा. तो ठोका फितीवर नव्हता. तो ऐकला फक्त मी.

त्याने डोळे उघडले तर मी जमिनीवर, हातात चकती. त्याला सांगावं लागलं. मी लगेच नवा स्पूल चढवला आणि म्हटलं, पुन्हा एकदा, फक्त शेवट. तो बसला. आता त्याला सगळं आठवलं, डोळा, पेटी, मी. बोटं परत थिजली. तेवढ्यात बल्ब पांढरा झाला. धान सरलं होतं.

माझ्याकडे त्याच्या जुन्या तुकड्यांतला एक शेवटचा ठोका होता, मिल चालू असतानाचा. सूर जुळत होता. मी तो जोडला. आयुष्यातला सगळ्यात चांगला सांधा. मनोहरने टेप ऐकली आणि म्हणाला, हा मीच आहे ना भाऊ? मी म्हटलं, तूच. ते बरंचसं खरं होतं. दुसऱ्या दिवशी टेप टपालात पडली. घरी वर्षभराचा तांदूळ आला. बायको म्हणाली, रोज एक गिटारवाला आणत जा.

बोलावणं आलं, आणि मनोहरचा चेहरा उतरला. कारण बोलावणं समोर बसून वाजवण्याचं होतं. दवाखान्यातली त्याची जागा तोवर गेली होती. आईने सांगितलं, भाऊंना सोबत ने. मी गेलो. गोंदियापर्यंत छोट्या गाडीत त्याने गिटार मांडीवर धरून ठेवली होती, आजारी पोर धरावं तशी. गोंदियाला गाडी बदलली तेव्हा त्याने मला विचारलं, “तिथं धान नाही ना भाऊ?” मी भजी आणली. त्याने खाल्ली नाहीत, मी दोघांचीही खाल्ली. घाबरलो की मला भूक लागते.

शाळेत त्याला आत घेतलं, मला व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं. आत शाळेच्या मुख्य बाई होत्या, आणि आणखी दोघे. दार लावलेलं. बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. खुर्ची सरकली. मग परत काही नाही. कोणीतरी खोकलं. मी दाराकडे पाहत बसलो आणि माझ्या लक्षात आलं की मी पात्यासाठी खिसे चाचपतो आहे. इथे मी काय कापणार होतो?

मग अंगठ्याची दोन पावलं पडली. थांबली. परत पडली, आणि या वेळी चालत राहिली.

तो वाजवत असतानाच दार हळूच उघडून मुख्य बाई बाहेर आल्या. पिकल्या केसांच्या, स्वतः सतार वाजवणाऱ्या. त्यांनी विचारलं, टेप तुम्ही केली? मी जरा ताठ झालो आणि हो म्हणालो. त्या म्हणाल्या, चांगली केली आहे, शेवटचा ठोका मात्र दुसऱ्याच कुठल्या तरी दिवशीचा आहे.

मी म्हटलं, बाई, सूर तर जुळतो.

“सूर जुळतो,” त्या म्हणाल्या. “पण बाकी सगळी धून वाजवणारा हात मोकळा आहे, आणि तो एक ठोका घाबरलेल्या हाताचा आहे. यातला खरा हात कोणता ते पाहायला आम्ही त्यांना बोलावलं.”

माझ्या सगळ्यात चांगल्या सांध्याची ही किंमत झाली. भावाचं धान, मिलची वीज, भाजलेला तळवा, सगळं लावून मी सूर जुळवला होता, आणि भीती जशीच्या तशी चिकटवून पाठवली होती. मी विचारलं, मग कोणता?

बाईंनी दाराकडे मान वळवली. पुढच्या महिन्यापासून ते इथे येऊन राहू शकतील का, एवढंच विचारलं. मी म्हटलं, त्यालाच विचारा ना.

“विचारीन,” त्या म्हणाल्या, “थांबले की.”

दार अर्धं उघडं होतं. आत ते दोघे परीक्षक खुर्च्या पुढे ओढून बसले होते आणि मनोहर त्यांच्यापासून दोन हातांवर, शर्टाची सगळी बटणं लावून, धून पहिल्यापासून दुसऱ्यांदा वाजवत होता. त्याला थांबायला कोणी सांगितलंच नव्हतं.